मयतीच्या घरचं नाटक

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. बाबांची टिंगल करणाऱ्या व्यापाऱ्याच्या मालाचे दगड झाले, ही गोष्ट इथे लहानपणापासून कानावर पडते. सांगणारा टेकडीवरचे गोल दगड हातात देतो, पण स्वतः हसत नाही. मयतीवरचं विनोदी नाटक बसवताना नटांना मी आधी हीच गोष्ट सांगायला लावतो. हसू फुटलं की पुन्हा पहिल्यापासून.

अशा नाटकात नट गंमत करायला लागला की खेळ फसला. तिरडी बांधताना धाकटा विचारतो, "दादा, सातबारा कोनापाशी हाये?" हे त्याने डोळे पुसत, बांबूची गाठ आवळत विचारायचं, त्याला खरंच काळजी आहे. थोरला ऐकून न ऐकल्यासारखं करतो आणि म्हणतो, "सुतळी दे." लोक हसतात ते सातबाऱ्यावर नाही, सुतळीवर.

सतीश आळेकरांनी 'महानिर्वाण'मध्ये (1974) तर मेलेल्यालाच बोलतं केलं. मुलगा नाना यायचाय, चाळकरी खोळंबलेत, आणि भाऊराव उठून आपल्याच मरणाचं कीर्तन लावतात. बंद झालेल्या जुन्या स्मशानातच जाळा, हा त्यांचा हट्ट. कीर्तन निवडण्यातच सगळी हुशारी आहे. बुवा निरूपण करता करता मधेच नकला करणार, हे आपल्याला देवळापासून ठाऊक. त्यामुळे प्रेतासमोर हसायची परवानगी वेगळी मागावी लागत नाही. थिएटर अकॅडमीच्या प्रयोगात आनंद मोडकांच्या चाली होत्या, चंद्रकांत काळे भाऊराव होते. गाता न येणाऱ्याने या भूमिकेच्या वाटेला जाऊच नये.

पण पुण्याची चाळ इकडे तशीच उचलून आणता येत नाही. वर्ध्याच्या हरीश इथापेंनी 'तेरवं' हे नाटक उभं केलं ते शेतकरी आत्महत्यांनंतर मागे राहिलेल्या बायांना घेऊन. तशी घरं असलेल्या मुलखात कर्जावर हशा काढायचा नाही, एवढं मी पाळतो. आमच्या नाटकातला म्हातारा ऐंशी ओलांडून, वरणभात खाऊन, झोपेत जातो. मग भांडायला सगळे मोकळे: धुऱ्यावरून, मानपानावरून, तेरवीच्या पंगतीत बुंदी की शिरा यावरून.

तुम्ही गावात असं नाटक लावणार असाल, तर इतक्यात कुणाच्या घरी माती झाली आहे का, ते आधी विचारून घ्या. तारीख मग ठरवा.