नर गेले, प्रणय उरला

अमेरिकेच्या नैर्ऋत्येला, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोतल्या कोरड्या गवताळ माळांवर, व्हिपटेल सरड्यांची एक जात आहे. तिच्यात नर नाहीतच. माद्याच अंडी घालतात आणि त्यांतून पुन्हा माद्याच निघतात. तरीही त्यांचा प्रणय थांबलेला नाही. एक मादी दुसरीच्या पाठीवर चढते, तिची कातडी जबड्यात धरते आणि शेपूट तिच्या शेपटीखाली घालून अंगाचं कडं करते. पूर्वज जातीतला नर करतो, अगदी तसंच.

टेक्सास विद्यापीठातले डेव्हिड क्रूज यांनी कित्येक वर्षं या सरड्यांचा अभ्यास केला. त्यात दिसलं ते मला फार विलक्षण वाटतं. बीजं अंडाशयात वाढत असताना रक्तात इस्ट्रोजेन चढलेलं असतं. तेव्हा ही मादी दुसरीला पाठीवर येऊ देते. बीजं अंडाशयातून सुटली की इस्ट्रोजेन उतरतं, प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि आता तीच दुसरीच्या पाठीवर चढते. पुढच्या खेपेला पुन्हा अदलाबदल. नराचं वागणं म्हटलं की आपण टेस्टोस्टेरॉनचं नाव घेतो, पण इथे ते काम प्रोजेस्टेरॉन करतं. पूर्वज जातीतल्या खच्ची केलेल्या काही नरांना प्रोजेस्टेरॉन दिल्यावर तेही पुन्हा माद्यांमागे लागले! म्हणजे ही सोय नर असतानाच मेंदूत होती. माद्यांनी ती वापरात आणली.

मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसच्या पुढच्या अंगाला, पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. तिथे सेरोटोनिन नरासारख्या वागण्याला आवर घालतं. प्रोजेस्टेरॉनचा अंमल असताना तो आवर सैल पडतो. मादीसारखं वागणं हायपोथॅलॅमसच्याच दुसऱ्या भागाकडे असतं. एवढ्याशा डोक्यात दोन्ही वागणुका शेजारी-शेजारी नांदतात. नर आणि मादी यांच्यात आपण किती जाड भिंत घालून ठेवली आहे, हे मला या सरड्यांमुळे प्रकर्षाने जाणवलं.

संप्रेरकं वागणं घडवतात, एवढंच असतं तर मी कदाचित इतका गुंतलो नसतो. इथे वागणंही उलट शरीराला घडवतं. एकटी ठेवलेली मादी अंडी घालतेच, तिला कुणाची गरज नाही. पण सोबत असलेली, जिच्या पाठीवर कुणी चढतं ती, तिच्यापेक्षा जास्त अंडी घालते.