मीटररूम ते चाफा

कोथरूडमधल्या आमच्या जुन्या सोसायटीचं पार्किंग एकदम पुणेरी: चाफा, धूळ खाणाऱ्या सायकली आणि सूचनांच्या पाट्या! तिथे माझी हप्त्यावरची इलेक्ट्रिक कार आली. पहिल्या रात्री तिसऱ्या मजल्यावरून एक्स्टेन्शन सोडलं. सकाळी प्लग काळाठिक्कर!

वायरमनदादा म्हणाले, "साहेब, मिक्सर पाच मिनिटं चालतो. गाडी रात्रभर करंट ओढते. थोडक्यात वाचलात."

मग आमच्या मीटरपासून चाफ्यापर्यंत तांब्याची स्वतंत्र लाइन, वेगळा एमसीबी, 30 मिलीअँपियरचा आरसीसीबी, पक्कं अर्थिंग आणि 16 अँपियरचं सॉकेट. आता 3.3 किलोवॅटने नऊ तासांत साधारण 30 युनिट्स, आणि मला निवांत झोप.

एनओसीसाठी महिनाभर रखडवणारे सेक्रेटरीकाका परवा हळूच म्हणाले, "काय रे, माझ्या स्कूटरसाठी किती खर्च येईल?"

बोला!