नीमोचा शेजार

सोलापूरहून तुळजापूरकडे निघालं की वाटेत तामलवाडी लागते. कोजागरीच्या सुमारास या रस्त्यानं अनवाणी चालणाऱ्या भाविकांच्या गळ्यात कवड्यांच्या माळा दिसतात. कवडी म्हणजे प्रवाळाच्या आसऱ्यानं जगणाऱ्या एका समुद्री गोगलगायीचं घर. समुद्र शेकडो किलोमीटर लांब, तरी प्रवाळाच्या शेजारची ही वस्तू इथल्या देव्हाऱ्यात पिढ्यान् पिढ्या आहे.

जिवंत प्रवाळ घरात ठेवणं मात्र वेगळं. 2003 च्या ‘फाइंडिंग नीमो’नं केशरी-पांढरा क्लाउनफिश पोरासोरांच्या ओळखीचा केला, आणि खाऱ्या पाण्याची टाकी मांडणाऱ्याला त्याच्या जोडीला प्रवाळ हवासा वाटू लागला. खरं तर प्रवाळावाचून या माशाचं अडत नाही. समुद्रात तो समुद्रफुलाच्या दंश करणाऱ्या बाहूंत लपतो, कारण बाहेर त्याला खाणारे टपलेले असतात. टाकीत ते भय नसतं. तरीही तो एखादा प्रवाळ निवडतो आणि दिवसभर त्यात अंग घुसळत राहतो.

म्हणून निवड करताना आधी प्रवाळाचा विचार करावा. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि उजेडावर अन्न तयार करून त्याला पोसतं. मासा सारखा ढुसण्या देत राहिला तर प्रवाळ मिटून घेतो, उजेड मिळत नाही आणि तो खंगतो. नाजूक, नवा, लहान तुकडा अशा माशापुढे ठेवणं हा त्या जिवावर अन्यायच आहे.

परदेशातले हौशी लोक लांब बाहूंचा टॉर्च किंवा हॅमर कोरल ठेवतात; हे दोन्ही दगडी प्रवाळ. आपल्याकडे मात्र सगळे दगडी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या खडकावरून एक तुकडा उचलणं हाही गुन्हा. आणि तो असायलाच हवा, कारण असा खडक घडायला शतकं लागतात.

दणकट शेजारी म्हणून दगडी नसलेला, अळंबीसारखा पसरणारा लेदर कोरल चांगला. तोसुद्धा समुद्रातून ओरबाडलेला नको. टाकीत वाढलेल्या कोरलची फांदी घ्यावी आणि विकणाऱ्याकडून कागदपत्रं मागून घ्यावीत. हा कोरल मधूनच काही दिवस मिटतो, अंगावरचा मेणचट पापुद्रा टाकतो आणि पुन्हा फुलतो. त्या दिवसांत त्याला हलवू नये. आधी त्याला रुळू द्यावं, मासा मागाहून सोडावा.

तामलवाडीसारख्या ठिकाणी खरी कसोटी पाण्याची. बोअरचं जड पाणी आरओतून काढल्याशिवाय चालत नाही. टाकीतलं पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. बाहेर पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा आत 26 अंश टिकवायला चिलर लागतो. उष्मा वाढला की प्रवाळ आपलं शैवाल बाहेर टाकून पांढरा पडतो. वीज गेली तर पंप तरी चालू राहावा, एवढी सोय आधी करावी.

माशाच्या बाबतीत काम सोपं झालंय. नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात क्लाउनफिशची पैदास होते. टाकीत जन्मलेला असा मासा पेलेट सहज खातो, आणि त्याच्यासाठी समुद्रातलं एकही समुद्रफूल रिकामं करावं लागत नाही.