दुखायचं थांबलं म्हणजे झालं?

संक्रांतीला तिळाची वडी खाताना दाताखाली काहीतरी कडक लागलं. वाटलं, गुळातला खडा असेल. हातात घेऊन बघते तर माझाच दात! म्हणजे सुळ्यामागच्या वरच्या दाताची आतली अर्धी भिंत. गंमत म्हणजे दुखलं काहीच नाही. दुखणार कसं? त्याचं रूट कॅनाल दोन वर्षांपूर्वीच झालं होतं.

तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, "यावर कॅप बसवून घ्या, टाळू नका." पण एकदा दुखायचं थांबलं की दात कोणाला आठवतो? आधी मुलाची परीक्षा, मग घराचं रंगकाम, मग... असो. आळसाला कारणं कमी पडत नाहीत.

आता खुर्चीत आडवी झाल्यावर पहिला प्रश्न विचारला, "काढावा लागेल का?" भीती वाटायला कारण होतं. आईच्या अशाच एका दातात धातूचा पोस्ट, म्हणजे मुळात बसवायचा खिळा, घातला होता. बरीच वर्षं टिकला आणि मग एक दिवस मूळच उभं चिरलं. अशी उभी चीर गेली की दात सहसा वाचत नाही. तिचाही नाही वाचला. तेव्हापासून आईचं वाक्य ठरलेलं, "अगं, मेलेल्या दातावर कशाला पैसे घालायचे?"

हे ऐकून डॉक्टर हसले. म्हणाले, "दात मेला म्हणून तुटत नाही. आधी कीड पोखरते, मग नसेपर्यंत पोचायला आम्ही वरून भोक पाडतो. भिंतीच कमी उरतात, म्हणून तुटतो."

माझी समजूत अशी की खिळा घातला की दात मजबूत होतो, खांबात सळई घातल्यासारखा. तर तसं अजिबात नाही! वरचा दात पुन्हा उभारायला जो गाभा करतात, तो कोअर. पोस्टचं काम फक्त त्या कोअरला धरून ठेवायचं. मूळ त्याने बळकट होत नाही, उलट पोस्टसाठी जास्त कोरलं तर कमजोरच होतं. आणि स्टील हे दाताच्या डेंटिनपेक्षा साधारण दहापट ताठ. आपण चावतो तेव्हा ते वाकत नाही, मग जोर मुळावर येतो. फायबर पोस्ट म्हणजे राळेसारख्या रेझिनमध्ये बसवलेले काचेचे बारीक तंतू, उदबत्तीच्या काडीएवढी पांढरी काडी. ती डेंटिनइतपतच लवते. बिघडलीच तर बहुतेक वेळा ती सुटून येते किंवा मोडते, मूळ शाबूत राहतं आणि पुन्हा काम करता येतं.

"पण खरी गोष्ट काडीत नाहीच," असं म्हणून त्यांनी मोजपट्टीच्या खुणा असलेली सळई हिरडीच्या कडेने फिरवायला सुरुवात केली. हिरडीच्या वर चोहोबाजूंनी निदान दीड-दोन मिलिमीटर निरोगी दात उरलेला हवा. पिंपाला पट्टा असतो तशी कॅप त्याला कवळते. तेवढा नसेल तर पोस्ट कितीही भारी असो, भरवसा नाही. ते मोजत होते आणि मी तोंड उघडं ठेवून देवाचा धावा करत होते. तांदळाच्या दाण्याच्या जाडीवर सगळा फैसला!

उरला होता. तुटलेल्या बाजूलाही, जेमतेम.

मग दाताभोवती रबराचा पडदा लावला, कारण थुंकी लागली तर चिकटवण नीट धरत नाही. मुळातलं गटापर्चा वरून थोडं काढलं, टोकाशी चार-पाच मिलिमीटर तसंच ठेवलं, म्हणजे आतलं सील मोडत नाही. काडी चिकटवली, निळा उजेड मारला, वर कोअर बांधला. कॅप पुढच्या आठवड्यात आली.

निघताना डॉक्टर सहज म्हणाले, "तेव्हाच आला असतात ना, तर पोस्ट लागलाच नसता. भिंती होत्या की." हे मात्र दुखलं.

रात्री आईला फोनवर सगळं रामायण सांगितलं. म्हटलं, आता पैशांवरून ऐकून घ्यावं लागणार. पलीकडे जरा वेळ शांतता. मग हळूच म्हणाली, "अगं, माझ्या डाव्या दाढेची कॅप पण राहिलीय बघ. चार वर्षं झाली. दुखत नव्हती ना..."

शनिवारची वेळ घेतली आहे. दोघी जाणार आहोत.