जंगलाला वय येऊ देताना

वनशास्त्रात ‘जुने जंगल’ म्हटले की केवळ जाड बुंध्याच्या झाडांचा समूह अभिप्रेत नसतो. ज्या वनात अनेक पिढ्या मोठी तोड झालेली नाही, ज्यात नुकत्याच रुजलेल्या रोपापासून वठलेल्या खोडापर्यंत सर्व वयांची झाडे एकत्र उभी आहेत, जिथे कोसळलेला वृक्ष उचलला न जाता जागेवरच कुजतो आणि त्याच्या पडण्याने छतात झालेल्या खिंडारातून उतरणाऱ्या उन्हात पुढची पिढी वर येते, त्या वनाला जुने म्हणतात. या कसोटीवर संबंध पालघर जिल्ह्यात सलग असे मोठे वन दाखवता येणार नाही. परंतु ओढ्यांच्या घळी, उताराचे खडकाळ भाग आणि देवस्थानांचा परिसर येथे जुन्या जंगलाचे गाभे अजून शिल्लक आहेत, आणि संरक्षित क्षेत्राच्या व्यवस्थापनाची खरी परीक्षा या गाभ्यांपाशीच होते. ते ओळखणे, त्यांना हात न लावणे आणि भोवतालच्या तरुण जंगलाला त्यांच्यासारखे वय येऊ देणे, एवढेच हे काम आहे. मात्र ते साधण्यासाठी पुष्कळ गोष्टी समजून-उमजून कराव्या लागतात, आणि त्याहून अधिक गोष्टी समजून-उमजून टाळाव्या लागतात.

तारापूर औद्योगिक वसाहतीला खेटून असलेल्या कुंभवलीसारख्या गावातून पूर्वेकडे पाहिले असता बोईसरपलीकडे जी डोंगररांग दिसते, तिच्यावरील झाडी पावसाळ्यात घनदाट भासते. जवळ गेल्यावर मात्र एकाच बुंध्यातून तीन-चार सारख्या जाडीची खोडे वर गेलेली जागोजागी आढळतात, आणि हे जंगल किमान एकदा तरी जमिनीलगत तोडले गेले होते याचा तो उघड पुरावा असतो. या प्रदेशातील वनाचा इतिहास अशा बुंध्यांतून वाचता येतो. मुंबई इलाख्यात 1847 मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. 1864 मध्ये गुजरातेकडील रेल्वेमार्ग मुंबईपर्यंत पोहोचला आणि वाढत्या शहराची लाकडाची व कोळशाची मागणी थेट या डोंगरांच्या पायथ्याशी येऊन ठेपली. पुढे वनखात्याने जंगलाची विभागणी ‘कूप’ नावाच्या तुकड्यांत केली. दरवर्षी ठरलेला कूप तोडायचा, बुंध्यांतून नवे धुमारे फुटू द्यायचे आणि ठरावीक वर्षांनी पुन्हा त्याच जागी यायचे, अशी ती रीत होती. सागाचा धुमारा जोमाने वाढत असल्याने साग टिकला. धुमाऱ्यापेक्षा बीजावर अधिक विसंबणारी, सावलीत सावकाश वाढणारी झाडे मागे पडली.

त्याच काळात शेतकऱ्यांची राबाची गरजही वनखात्याच्या नियमांशी येऊन भिडली. राब म्हणजे भाताची रोपे करण्याच्या जागेवर पाला, फांद्या, गवत व शेण पसरून ते जाळण्याची पद्धत. त्यासाठी ऐनासारख्या झाडांच्या फांद्या दरवर्षी उतरवल्या जात. या प्रश्नावरचा असंतोष इतका वाढला की 1885 मध्ये सरकारला वन आयोग नेमून ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील गाऱ्हाणी ऐकावी लागली. जंगलतोडीच्या कामावर वारली मजुरांची ठेकेदारांकडून जी पिळवणूक झाली, तिच्याविरुद्ध 1945 मध्ये उभ्या राहिलेल्या लढ्याचे वर्णन गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात केले आहे. हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे की, आज ज्याला ‘निसर्गसंपन्न’ म्हणून पर्यटक पाहायला येतात, ते जंगल ज्यांच्या श्रमांतून तोडले गेले त्यांच्याच वंशजांच्या पाड्यांनी ते वेढलेले आहे, आणि ही वस्ती नकाशावर नसल्यासारखी धरून केलेली कोणतीही व्यवस्थापन योजना पहिल्या उन्हाळ्यातच कोसळते.

जिल्ह्याच्या दक्षिणेकडील तुंगारेश्वर अभयारण्य हे या विचारासाठी उत्तम उदाहरण आहे. सुमारे 85 चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र 2003 मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. दक्षिणेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि ईशान्येला तानसा अभयारण्य यांच्यामधला तो दुवा आहे. बहुतेक भाग साग, ऐन, कळंब, हेद, बोंडारा यांच्या पानझडी वनाचा असला तरी ओढ्यांच्या काठाने आंबा, जांभूळ, करंज, उंबर अशी हिरवी पट्टी जाते, आणि तिथे गारंबीचा महावेल खोडाएवढ्या जाडीने एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेला दिसतो. असा वेल एका पिढीत तयार होत नाही. त्याला आधार देणारे वृक्ष तितकाच काळ उभे राहिलेले असावे लागतात. म्हणून जाणता वनरक्षक जुन्या गाभ्याचा शोध झाडांचा घेर मोजून घेत नाही. तो जाडजूड वेल शोधतो, ढोली असलेली खोडे शोधतो आणि पायाखाली भुसभुशीत होणारा पाचोळा शोधतो.

वठलेल्या झाडाविषयीची दृष्टी बदलणे हा या कामातील सर्वांत अवघड धडा आहे, कारण व्यवस्थितपणाची सवय त्याच्या आड येते. राखी धनेश हा पक्षी स्वतः ढोली कोरू शकत नाही. जुन्या खोडात कुजून किंवा सुतारपक्ष्याच्या कोरण्याने तयार झालेली पोकळी त्याला लागते. मादी तीत शिरून तोंड लिंपून घेते, एक फट तेवढी उघडी ठेवते, आणि पिल्ले मोठी होईपर्यंत नर त्या फटीतून फळे भरवत राहतो. तरुण, निरोगी, सरळसोट सागाच्या जंगलात अशी पोकळी मिळत नाही, म्हणजे लाकडाच्या हिशेबाने जे जंगल उत्तम तेच धनेशाच्या हिशेबाने ओसाड ठरते. हीच गोष्ट आडव्या पडलेल्या ओंडक्याची. तो ओलावा धरून ठेवतो, त्यावर बुरशी व वाळवी जगते, वाळवीवर सरडे व पक्षी जगतात, आणि त्याच्या आडोशाला साचलेल्या मातीत बी रुजते. सर्वोच्च न्यायालयाने 14 फेब्रुवारी 2000 रोजी राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये यांतून मृत, रोगट, मरणासन्न किंवा वाऱ्याने पडलेली झाडे हलवण्यास मनाई केली. त्या आदेशाकडे अनेकदा केवळ कागदी अडथळा म्हणून पाहिले जाते, पण जुन्या जंगलाच्या दृष्टीने इतका उपकारक आदेश क्वचितच निघाला असेल. पायवाटेवर आडवे पडलेले झाड कापून वाट मोकळी करणे वेगळे आणि पडलेले प्रत्येक खोड उचलून जंगल ‘साफ’ करणे वेगळे. वाटेपुरते खोड कापून त्याचे दोन्ही भाग तिथेच कडेला राहू देणे, हा यातला योग्य मार्ग होय.

वणवा हा या वनांचा जुना शत्रू आहे, परंतु तो प्रत्येक झाडाशी सारखा वागत नाही. येथील आग बहुधा जमिनीलगत पाचोळ्यातून सरकते. सागाच्या आणि ऐनाच्या जाड सालीला ती सहसा इजा करत नाही, पण गुडघ्याएवढी रोपे आणि पातळ सालीची सदाहरित झाडे मारून टाकते. दरवर्षी जळणारे जंगल त्यामुळे हिरवेच दिसत राहते आणि तरीही कधी वयात येत नाही. फेब्रुवारीच्या मध्यापासून पावसापर्यंतचा काळ धोक्याचा असल्याने त्याआधी जाळरेषा घेतल्या जातात, म्हणजे ठरावीक रुंदीचे पट्टे गवत कापून आणि नियंत्रितपणे जाळून मोकळे केले जातात, जेणेकरून आग त्या पट्ट्यापाशी थांबावी. या रेषा जुन्या गाभ्यातून न नेता त्याच्या बाहेरून नेणे आवश्यक असते, कारण उघड्या पडलेल्या पट्ट्यावर रानमोडी आणि घाणेरी ही परकी झुडपे प्रथम येतात आणि मग आत सरकतात. कारवी या झुडपाच्या फुलण्याचे चक्रही येथे ध्यानात धरावे लागते. मुंबईभोवतीच्या डोंगरांत कारवी 2008, 2016 आणि 2024 मध्ये सामुदायिकपणे फुलली. फुलून बी धरल्यावर ती मरते आणि पुढच्या उन्हाळ्यात संपूर्ण उतार वाळलेल्या काड्यांनी भरलेला असतो. फुलोरा पाहायला गर्दी लोटते ते वर्ष सर्वांच्या लक्षात राहते. आगीच्या दृष्टीने पहारा वाढवायचा तो त्याच्या पुढच्या वर्षी. पाड्यांवर हे ज्ञान पूर्वीपासून आहे, कारण कारवीच्या काड्यांच्या कुडावरच तिथल्या घरांच्या भिंती उभ्या राहतात.

आता माणसांच्या येण्याजाण्याचा प्रश्न. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये अभयारण्यात प्रवेशावर निर्बंध आहेत, आणि त्याच कायद्याचे कलम 28 अभ्यास, छायाचित्रण व पर्यटन यांसाठी परवानगीची सोयही करते. तुंगारेश्वराच्या मंदिराकडे महाशिवरात्रीला आणि श्रावणात भाविकांची रीघ लागते, पावसाळी सुट्ट्यांत धबधब्यांकडे वसई-विरारपासून बोईसरपर्यंतचे तरुण निघतात, आणि कारखान्यांच्या व गृहसंकुलांच्या दाटीत राहणाऱ्या माणसाला झाडीत दोन तास घालवावेसे वाटणे यात गैर काहीच नाही. उलट ज्या कुंभवलीत हवा आणि पाणी यांविषयीची चिंता रोजची आहे, तिथल्या मुलांनी स्वच्छ ओढा एकदा तरी पाहिलेला असणे, हे संवर्धनाच्या हिताचेच आहे. प्रश्न माणसे येऊ द्यावीत की नाही हा नसून ती कुठून चालतील हा आहे.

पायवाटांच्या अभ्यासातून एक बाब जगभर पुन्हापुन्हा दिसली आहे. न तुडवलेल्या जमिनीवर पहिली काही पावले सर्वाधिक हानी करतात आणि त्यापुढे पावले कितीही वाढली तरी हानी त्या प्रमाणात वाढत नाही. शंभर माणसे एकाच वाटेने गेली तर एक वाट झिजते. तीच शंभर माणसे दहा वाटांनी गेली तर दहाही वाटा जवळपास तितक्याच झिजतात. त्यामुळे गर्दी ‘विभागून’ टाकण्याची सद्‌हेतूने केलेली सूचना जुन्या जंगलात घातक ठरते. थोड्या, पक्क्या आणि नीट आखलेल्या वाटा, आणि उरलेले क्षेत्र वाटेविना, हेच धोरण योग्य. पोलंडच्या सीमेवरील बियालोव्हिएझा या युरोपातील ख्यातनाम जुन्या जंगलातही काटेकोर संरक्षित गाभ्यात वाटाड्याशिवाय प्रवेश मिळत नाही. पाड्यांवरील युवकांना असे वाटाडे म्हणून नेमण्याचा मार्ग येथेही मोकळा आहे, आणि फाटकावरच्या दंडापेक्षा तो अधिक परिणामकारक ठरेल.

वाट आखणे ही स्वतंत्र विद्या आहे आणि तिच्याकडे झालेले दुर्लक्ष प्रत्येक पावसाळ्यात दिसते. वर्षाला दोन मीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या डोंगरावर वाट जर सरळ उताराच्या दिशेने काढली तर ती वाट राहत नाही, ओहोळ होते. माती वाहते, मुळे उघडी पडतात, चालणारा कडेने चालू लागतो आणि वाट रुंदावत जाते. म्हणून वाट उताराला आडवी घ्यावी, तिचा चढ डोंगराच्या चढाच्या निम्म्याहून कमी ठेवावा, साधारणपणे शंभर पावलांत दहा पावलांहून अधिक उंची चढू नये, बाहेरच्या कडेला किंचित कल द्यावा आणि ठरावीक अंतराने दगडांचे तिरपे बांध घालून पाणी वाटेबाहेर काढून द्यावे. ओढा ओलांडण्याची जागा एकच असावी आणि ती खडकाळ असावी, कारण मऊ काठ एका मोसमात तुडवला जातो. मोठ्या वृक्षाच्या बुंध्याभोवती पार बांधून बसण्याची सोय करण्याचा मोह टाळावा; सिमेंटच्या त्या वर्तुळाखाली मुळे गुदमरतात. धबधब्यांवर दुर्घटना टाळण्यासाठी जिल्हा प्रशासन पावसाळ्यात मनाई आदेश काढते. जिवांच्या रक्षणासाठी ते समजण्यासारखे आहे, परंतु मनाई हा वाटेचा पर्याय होऊ शकत नाही, कारण मुख्य वाट बंद होताच चोरवाटा उघडतात आणि त्या नेमक्या गाभ्यातून जातात.

श्रद्धा आणि संरक्षण यांचे नाते या जिल्ह्यात विशेष जवळचे आहे. पालघर-मनोर मार्गावरील वाघोबा खिंडीत वाघोबाचे देवस्थान आहे. त्यालगतच काळदुर्गाची चढण सुरू होते आणि भाविक व गिर्यारोहक एकाच ठिकाणी उतरतात. वारली समाज वाघदेवाला पूजतो आणि बिबट्या आजही या डोंगरांत वावरतो. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास करून दाखवले की देवाच्या नावाने राखलेल्या छोट्या तुकड्यांत जुन्या वनाचे नमुने तगून राहिले आहेत. त्या देवरायांतील रूढ नियम कडक होते. अनेक ठिकाणी पडलेले लाकूडही नेण्यास बंदी होती, म्हणजे न्यायालयाने 2000 मध्ये जे सांगितले ते तिथे आधीच पाळले जात होते. मात्र देवस्थानाचा विस्तार, सभामंडप, ध्वनिक्षेपक आणि गाड्यांसाठी रुंद केलेला रस्ता यांनी रूढीचा हा आधारच ढासळतो. देवाची जागा झाडांमुळे होती हे विसरून झाडे काढून देवाला जागा करून देण्याची वृत्ती वाढत आहे, आणि तिला विनयाने परंतु ठामपणे नकार देणे हे व्यवस्थापनाचे कर्तव्य आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना सामूहिक वनसंपत्तीच्या संरक्षणाचा अधिकार दिला आहे. हा नकार वनखात्याबरोबर ग्रामसभेच्या तोंडूनही आला तर तो टिकतो.

बेटासारखे एकटे पडलेले जंगल फार काळ जुने राहू शकत नाही, कारण बीजे आणि प्राणी यांची ये-जा थांबते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा नागला भाग वसईच्या खाडीच्या उत्तरेस आहे. तिथून तुंगारेश्वराकडे जाताना प्राण्यांना दिवा-वसई लोहमार्ग आणि चिंचोटी-भिवंडी रस्ता ओलांडावे लागतात. या पट्ट्यात नवे बांधकाम येऊ न देणे आणि रस्त्याखालून जाणारे ओढ्यांचे मार्ग प्राण्यांना चालता येतील इतके उंच व कोरडे ठेवणे यांचा लाभ अभयारण्याच्या आतील कोणत्याही सुशोभीकरणापेक्षा मोठा आहे. उत्तरेकडे डहाणू तालुका 20 जून 1991 च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनक्षम ठरवला गेला, भोवती 25 किलोमीटरचा संरक्षक पट्टा आखला गेला, आणि 1996 मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. बोईसर परिसरातील डोंगरांना अभयारण्याचा दर्जा नाही. तरीही तिथल्या घळींत उरलेले गाभे तुंगारेश्वराइतक्याच काळजीने नोंदवून ठेवता येतील, आणि त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

नोंदीचे हे काम साधे असले तरी सर्वाधिक उपेक्षित आहे. व्यवस्थापन आराखडा साधारणतः दहा वर्षांचा असतो, अधिकारी त्याच्या आतच बदलून जातात, आणि झाड मात्र त्या सर्वांच्या आधीपासून उभे असते. धनेशाच्या ढोलीचे झाड, जुन्या गारंबीची घळ, मागील वणव्याची सीमा, कारवी फुललेले वर्ष, बारमाही पाण्याचा डोह आणि नव्याने उमटलेली चोरवाट, एवढे प्रत्येक नियतक्षेत्राच्या, म्हणजे एका वनरक्षकाच्या हद्दीच्या, वहीत नकाशासह लिहिलेले असले, आणि बदलीच्या वेळी शस्त्रे व गणवेश यांबरोबर ती वहीही रीतसर सोपवली गेली, तर येणाऱ्या वनरक्षकाला पहिल्या उन्हाळ्यापूर्वीच जाळरेषा कुठून न्यायची आणि कुठून न्यायची नाही हे कळू शकते.