घर धुण्याचे दोन हजार

बेळगावात शिकायला आल्यापासून पहिली दोन वर्षं टिळकवाडीतल्या एका भाड्याच्या घरात काढली. आम्ही तिघी. भाडं 7,500, डिपॉझिट 30,000. माझ्या वाट्याचे दहा हजार पप्पांनी सावंतवाडीत भिशी उचलून दिले होते. त्यामुळे घर सोडताना घरमालकीण काकू 9,000 कापणार म्हणाल्या, तेव्हा मला आधी ती भिशी आठवली.

हिशेब वहीच्या पानावर होता. रंगकाम 5,000, ओल आलेल्या भिंतीची दुरुस्ती 1,500, खिळे 500, घर धुणे 2,000.

खिळ्यांचं हसूच आलं. एकच खिळा होता, मारियामातेच्या (आमच्याकडे सायबिणीच्या) तसबिरीसाठी, आणि तो काकूंनीच ठोकून दिला होता. ओलीचं म्हणाल तर बेळगावचा पाऊस काय आमच्याबरोबर राहायला आला होता? राहायला आलो त्या दिवशीच तो डाग भिंतीवर होता. मोबाईलमध्ये फोटो होता, तारखेसकट. तो दाखवल्यावर काकूंनी दोन्ही ओळींवर काट मारली.

रंगाचं एवढं सोपं नव्हतं. मी कायदा शोधून वाचला. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 108 म्हणतं की भाडेकरूने घर जसं मिळालं तसं परत द्यावं, पण वाजवी वापरात होणारी झीज सोडून. साहित्याची विद्यार्थिनी कायदा वाचायला लागली की शब्दापाशीच अडकते. 'वाजवी' म्हणजे किती? केंद्राने 2021 मध्ये केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात तर चक्क यादी आहे. भिंतींची सफेदी, दारं-खिडक्यांचा रंग मालकाकडे. नळाचे वॉशर, तुंबलेली मोरी, बटणं, फुटलेल्या काचा भाडेकरूकडे. राहत्या घराचं डिपॉझिटही दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नको. आम्ही चार महिन्यांचं दिलं होतं! पण तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. काकूंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तुमचा कायदा दिल्लीत. रंगारी इथला आहे." शेवटी ओट्यामागच्या फोडणीच्या डागांचं आमच्याकडे, बाकी त्यांच्याकडे, असं करून 2,500 वर ठरलं. तेवढं मला पटलं.

राहिलं घर धुणं. किल्ली देण्याआधी आम्ही घर धुऊन, फिनाईलने पुसून दिलं होतं. मग हे दोन हजार कशाचे? काकू जरा थांबून म्हणाल्या, "अगं, वास जात नाही."

मासे करणार हे आम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "रविवारी करा, पण खिडकी उघडी ठेवा," हे त्यांचेच शब्द. काकू वाईट नाहीत. गणपतीत मोदक आणून द्यायच्या, नाताळात आमच्या नेवऱ्या "अंडं नाही ना गं?" एवढं विचारून खायच्या. भाड्यावरच त्यांचं घर चालतं. पण मळ दाखवता येतो, त्याचा फोटो काढता येतो. वासाचा फोटो काढून मी काय दाखवणार? तो ज्याला येतो त्यालाच येतो. आणि दोन वर्षं न आलेला वास हिशेबाच्या दिवशी कसा आला, हा प्रश्न मी काकूंना विचारला नाही, पण मनातून गेलाही नाही.

आमची तिसरी खानापूरची, पक्की शाकाहारी. काकू तिला म्हणाल्या, "तू खात नाहीस, तुझे त्यातले मी देऊन टाकते." सहाशे-साडेसहाशे रुपये, आमच्यासाठी आठवड्याचा किराणा. ती म्हणाली, "नको काकू. घर एकच होतं. कापायचे तर तिघींचे कापा." काकूंना ते लागलं. दोन दिवस त्यांनी फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी फोनपेवर 25,500 आले. धुण्याचे कापूनच. मी 8,500 पप्पांना पाठवले आणि फोनवर रंगाचंच कारण सांगितलं.

आता आम्ही तिघी शहापूरला राहतो. करार अकरा महिन्यांचाच, कारण वर्षाहून जास्त मुदतीचा केला की नोंदणी आली. या वेळी मी त्यात दोन ओळी घालायला लावल्या: पहिल्या दिवशीचे फोटो सोबत जोडले आहेत, आणि स्वयंपाकाच्या वासासाठी डिपॉझिटमधून कपात होणार नाही. नवे मालक "चालेल" म्हणाले. टाइप करणारा मात्र थांबला.

"वास म्हणजे कसला लिहू?"

"बांगड्याचा लिहा," आमची खानापूरची म्हणाली.