सेलबोर्नच्या टेकडीवरचे दोन वटवटे

लंडनच्या वॉटर्लू स्थानकातून ऑल्टनपर्यंत रेल्वे आणि पुढे बस, असा मी हॅम्पशायरमधल्या सेलबोर्नला पोहोचलो. एप्रिल निम्मा सरला होता. गिल्बर्ट व्हाइट या निसर्गनिरीक्षक पाद्र्याचं घर आता संग्रहालय आहे. ते परतताना पाहायचं ठरवून आधी टेकडी गाठली, कारण पाखरं सकाळीच भरभरून गातात. व्हाइट बंधूंनी १७५३ मध्ये काढलेली नागमोडी पायवाट बीचच्या रानातून वर जाते.

अर्ध्या चढावरच चिफचॅफ हा वटवट्या ऐकू आला. दोनच सूर, आलटून पालटून, न थकता. वरच्या माळाला लागलो, तर कोवळ्या बर्चमध्ये विलो वॉर्बलर गात होता. उंच सुरापासून अलगद उतरत विरून जाणारी त्याची तान अतिशय गोड आहे.

दुर्बिणीतून मात्र दोघे जुळे भाऊ! तीच हिरवट-तपकिरी पाठ, तेच पिवळसर पोट, वजन जेमतेम दहा ग्रॅम. हिवाळ्यात आपल्या झाडांवर येणारे पर्ण वटवटे यांच्याच गोतातले. चिफचॅफचे पाय काळसर, विलोचे बहुधा फिकट; पण पानांआड पाय दिसायला नशीब लागतं. चिफचॅफ सारखी शेपटी खाली झटकतो, ही खूण त्याहून कामाची. विलोचे पंख लांब, कारण तो सहारा ओलांडून पलीकडच्या आफ्रिकेत हिवाळा काढतो. चिफचॅफ बरेचदा भूमध्य सागराच्या आसपासच थांबतो, म्हणून मार्चमध्येच परततो. काही तर इंग्लंड सोडतही नाहीत.

व्हाइटच्या काळी असे सारखे दिसणारे वटवटे एकच मानले जात. ऑगस्ट १७६८ मध्ये त्याने निसर्गअभ्यासक थॉमस पेनंटला ठामपणे कळवलं की या पक्ष्यांच्या तीन जाती आहेत आणि प्रत्येकीचा आवाज वेगळा आहे. तिसरी जात वुड वॉर्बलर. त्याने तिन्हींचे नमुने समोर ठेवून पाहिले होते, तरी माझ्या मते त्याचं खरं मोठेपण कानात होतं. वर्षानुवर्षं एकाच गावाचं रान ऐकल्याशिवाय असा कान तयार होत नाही.

गेल्या काही दशकांत दक्षिण इंग्लंडमध्ये विलो वॉर्बलर फार कमी झाला आहे. चिफचॅफ मात्र वाढला. सेलबोर्नला जायचं असेल तर एप्रिलच्या उत्तरार्धात, सकाळी जा. कॅमेरा थोडा वेळ पिशवीतच राहू द्या आणि आधी दोघांनाही नीट ऐका.